बाटलीवरचं पदक आणि 'डिकॅंटर'चे अंक

म्हापशात आमचा सात टेबलांचा बार. लंडनचा भाचा दर डिसेंबरात 'डिकॅंटर'चे जुने अंक पिशवीत कोंबून आणतो. 1975 पासून निघणारं हे वाईनचं मासिक. कागद गुळगुळीत, फोटो झकास. बोर्डो आणि बरगंडी या फ्रान्समधल्या वाईन-प्रदेशांवर मात्र पानंच्या पानं. हुमणासोबत, म्हणजे आमच्या माशाच्या कालवणासोबत, कुठली वाईन चालेल, ते आपलं आपणच शोधायचं!

मला खरा उपयोग झाला तो त्यांच्या पुरस्कारांचा. 2004 पासून ते 'वर्ल्ड वाईन अवॉर्ड्स' देतात. परीक्षकांना प्रदेश, द्राक्ष, साल (द्राक्षं तोडली ते वर्ष) आणि किमतीचा गट कळतो, उत्पादकाचं नाव नाही. 86 ते 89 गुणांना कांस्य, 90 ते 94 ला रौप्य, 95-96 ला सुवर्ण, त्यावर प्लॅटिनम. प्रवेश फी उत्पादकच भरतो, म्हणजे ज्यानं बाटली पाठवलीच नाही त्याला पदक कुठून मिळणार?

गेल्या मे महिन्यात रौप्यपदकाचं स्टिकर बघून एका दुकानातून सहा बाटल्या उचलल्या. घरी चष्मा लावून पाहिलं तर पदक 2019 च्या वाईनचं आणि बाटलीवर साल 2021! दुकानदार म्हणाला, "अहो, पदक ते पदक." त्यात बाटल्या पत्र्याखाली उभ्या ठेवलेल्या. पहिलीच उघडली, तर शिजवलेल्या जांभळासारखा वास. मासिकाचा त्यात काय दोष? गुण त्या सालाच्या वाईनला असतात, आमच्या उकाड्याला नाही.

भाच्याला म्हटलं, यंदाही अंक आण. पावसात गिऱ्हाईक कमी, वाचायला वेळ असतो.