ओन्फिमचं पान

सहा वर्षांच्या नातीसाठी प्राचीन जगावरचं एक चित्रपुस्तक घेतलं. पानं चाळीस, पण गेले तीन आठवडे आमच्याकडे एकच पान पुन्हा पुन्हा उघडतंय. ओन्फिमचं.

हा रशियातल्या नोव्हगोरोदचा मुलगा, तेराव्या शतकातला, वय अंदाजे सहा-सात. भूर्जाच्या सालीवर टोकदार लेखणीने अक्षरं कोरायचा आणि मधूनच चित्रं काढायचा. पाण्याने गच्च मातीत हवा पोचत नाही, म्हणून त्या साली कुजल्या नाहीत. १९५६ साली उत्खननात सापडल्या. एकीवर घोडेस्वार शत्रूला भाला मारतोय, शेजारी ओन्फिमचं नाव. दुसरीवर विचित्र प्राणी आणि मजकूर : मी रानटी जनावर आहे.

लेखिकेने इथे हात आखडता घेतला, हे फार बरं केलं. चित्र मोठं, मजकूर दोन ओळी. माणसांच्या हातांना बोटं कुठे कमी, कुठे जास्त. नातीने ती मोजली, मग स्वतःच्या वहीतल्या माणसांची मोजली. "आजोबा, यालाही पाच जमत नव्हती!"

शेवटची कालरेषा मात्र या वयाला निरुपयोगी. आकड्यांची नुसती पट्टी. मी जमिनीवर बटणं मांडली : एक बटण म्हणजे एक आजी, साधारण ५० वर्षं. सोळा बटणांवर ओन्फिम आला. 'खूप पूर्वी' म्हणजे किती, ते तिला तेव्हा कळलं.

खरी तक्रार मोहेंजोदडोच्या पानाबद्दल. मातीची खेळण्यातली बैलगाडी सुरेख काढलीय, पण शेजारी सिंहासनावर मुकुटधारी राजा! तिथे राजा होता याचा ठोस पुरावा नाही. 'पुरोहित-राजा' म्हणतात तो पुतळा जेमतेम १७.५ सेंटिमीटरचा, आणि ते नाव आधुनिक संशोधकांनी दिलेलं. तिथली लिपीही अजून वाचता आलेली नाही. 'हे अजून कुणालाच ठाऊक नाही' एवढं छापलं असतं तर नातीने मला प्रश्नांनी भंडावून सोडलं असतं. मुकुट बघून तिने पान उलटलं. लहान मुलांसाठी आहे म्हणून काहीही चालतं, हे मला मान्य नाही.

तरीही पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी जरूर घ्या, शेजारी बसून वाचा. अक्षर बारीक आहे, एकट्या मुलाला जड जाईल.

काल नातीने घोडा काढला, खाली नाव लिहिलं आणि कागद कुंडीत पुरायला निघाली. आधी भरपूर पाणी घालायचं, म्हणजे आत हवा जाणार नाही, हे तिनेच मला समजावलं.