गृहकर्जाचं ओव्हरड्राफ्ट खातं: मिस्टरांच्या आजारपणात ते किती उपयोगी पडलं

धायरीला आमचा स्वतःचा फ्लॅट आणि नऱ्ह्याला भाड्याच्या गाळ्यात मिस्टरांचं लेथचं जॉबवर्क. पगार नाही, पीएफ नाही, आजारपणाची रजा नाही. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रोड भागात जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली, त्यात हे सापडले. आधी तळपायाला मुंग्या, मग पायांतला जोर गेला, मग हातांतला. आयव्हीआयजीची (अँटीबॉडीजची) इंजेक्शनं, आयसीयू आणि त्यानंतर महिनोन्‌महिने फिजिओथेरपी. या काळात आमचं घर मुख्यतः गृहकर्जाच्या ओव्हरड्राफ्ट खात्यावर चाललं. असं खातं घ्यावं का, हा प्रश्न मला हल्ली बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

या प्रकारात स्टेट बँकेचं मॅक्सगेन लोकांना जास्त माहीत आहे. आमची बँक दुसरी, रचना साधारण तीच. कर्ज हेच एक चालतं खातं असतं. जास्तीचे पैसे त्यात ठेवले की तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि लागतील तेव्हा ते काढता येतात. साध्या गृहकर्जापेक्षा व्याजदर थोडा चढा, म्हणून आमच्या सीएंनी नाक मुरडलं होतं. सासरे तर दर दिवाळीला म्हणायचे, "पैसे नुसते ठेवता कशाला, कर्जात भरून मोकळे व्हा!" पण कर्जात भरलेले पैसे भिंतीत जातात, आणि भिंत खरवडून किराणा आणता येत नाही. धंदा करणाऱ्याने चढा दर सोसायचा तो एवढ्याचसाठी. व्याज वाचतं हा वरचा फायदा.

हिशेब गोल आकड्यांत सांगते. समजा 30 लाख बाकी आहे, 15 वर्षं उरलीत आणि दर 9 टक्के. हप्ता साधारण 30,400. खात्यात 6 लाख ठेवलेले असतील तर व्याज 24 लाखांवरच लागतं, म्हणजे महिन्याला 22,500 ऐवजी 18,000. आमच्या बँकेत हप्ता बचत खात्यातूनच जातो. त्यामुळे मी हप्त्याच्या आधी ओव्हरड्राफ्टमधून तेवढे पैसे बचत खात्यात घ्यायचे आणि ते फिरून कर्जात जायचे. व्याज खात्यात चढतं आणि काढता येण्याची मर्यादा मूळ हप्त्यातल्या मुद्दलाच्या भागाएवढी (30,400 वजा 22,500), म्हणजे सुमारे 7,900 ने उतरते. दोन्ही मिळून हाताशी असलेली रक्कम महिन्याला 26,000 च्या आसपास घटते. हप्त्यापेक्षा हे कमी आहे खरं, पण घरखर्चाला काढत गेलं की ठेव आटते आणि व्याजाची बचतही तिच्याबरोबर आटते. घरखर्च 25,000 धरला तर 6 लाख जेमतेम अकरा महिने पुरतात. मर्यादा दर महिन्याला उतरते ही गोष्ट बँकेच्या ॲपमध्ये ठळक कुठेच दिसत नाही, म्हणून मी वहीत वेगळा रकाना आखला होता.

खरी परीक्षा पैशांची नव्हतीच, सहीची होती. हातात पेन धरता येत नाही, अंगठ्याने फोन उघडत नाही, ओटीपी कोण टाकणार? गृहकर्जाचं खातं आम्हा दोघांच्या नावावर आणि 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीचं होतं, माझं नेटबँकिंग वेगळं होतं, म्हणून मला कोणाला काही विचारावं लागलं नाही. गाळ्याचं करंट खातं मात्र प्रोप्रायटर म्हणून एकट्या ह्यांच्या नावावर. गिऱ्हाइकांचे पैसे तिथे येऊन पडायचे आणि मी बघत बसायचे. शाखेत उत्तर एकच, "त्यांना घेऊन या." आयसीयूतल्या माणसाला? आजारी खातेदाराच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर घेता येतो आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. तिची प्रिंट काढून टेबलावर ठेवली, तेव्हा एक अधिकारी हॉस्पिटलमध्ये आला आणि मला खातं चालवायचा अधिकार देणारं पत्र झालं. ज्यांचा धंदा एकट्याच्या नावावर आहे त्यांनी असं पत्र धडधाकट असतानाच देऊन ठेवावं.

विम्याबद्दल थोडक्यात. मेडिक्लेमने हॉस्पिटलचं बिल उचललं, हातमोजे वगैरे किरकोळ सोडून. डिस्चार्जनंतरचा खर्च ठरावीक दिवसच मिळतो आणि फिजिओ त्यापुढे कितीतरी चालली. घरखर्च, हप्ता, गाळ्याचं भाडं यांच्याशी मेडिक्लेमचा संबंध नाही. कर्जासोबत घेतलेल्या विम्यात गंभीर आजारांची यादी होती, तिच्यात लकवाही होता. पण व्याख्या अशी की हातापायांपैकी दोन किंवा अधिक कायमचे निकामी, बरं होण्याची आशा नाही आणि ही अवस्था तीन महिन्यांहून जास्त टिकलेली. जीबीएसचे बरेचसे पेशंट हळूहळू उठतात. म्हणजे बरा होणारा लकवा पॉलिसीच्या लेखी लकवाच नाही! अपघात विम्यात कामावर जाता आलं नाही तर दर आठवड्याला पैसे मिळण्याची सोय असते, पण ती अपघातापुरती.

ठेव पुरली त्याचं बरंचसं श्रेय मार्च महिन्याला. आमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे. अशा लहान उत्पादकाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं असतं, आणि मुदत टळून 31 मार्चलाही थकलेलं असेल तर त्या वर्षी तो खर्च गिऱ्हाइकाला आयकरात दाखवता येत नाही. मी प्रत्येक पार्टीच्या अकाउंटंटला फोन करून एवढंच आठवण करून दिलं. आजाराचं रडगाणं ऐकून जे हलले नव्हते, ते करापायी हलले. जीएसटीचं मात्र विसरू नका. विक्री शून्य असली तरी 3बी हे रिटर्न भरावंच लागतं, नाहीतर रोजचा दंड चढतो. शून्य रिटर्न 14409 वर एसएमएसनेही जातं.

त्याच वर्षी फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, ज्याच्याशी आमच्या कर्जाचा दर जोडलेला आहे, 6.50 टक्क्यांवरून 5.50 वर आला. आमचा दर उतरला, पण बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली. एरवी हेच चांगलं. आजारपणात मात्र कर्ज कधी संपेल यापेक्षा या महिन्यात हातात काय राहील हे महत्त्वाचं असतं, म्हणून अर्ज देऊन हप्ता कमी करून घेतला. वरच्या उदाहरणात दर 8 टक्के झाला तर हप्ता साधारण पावणेदोन हजारांनी उतरतो, म्हणजे महिन्याचं दूध आणि गॅस.

आता हे अर्धा दिवस गाळ्यावर जातात. बारीक मापाचं काम अजून कारागिरावर सोपवलंय. खात्यातली ठेव निम्म्याहून कमी उरली आहे, ती हळूहळू भरतेय.

हे खातं कोणी घेऊ नये? ज्यांच्याकडे कर्जात ठेवायला जास्तीचं काही उरतच नाही, त्यांनी. चढा दर तेवढा माथी पडेल. आणि ज्यांना काढता येणारे पैसे दिसले की नवी गाडी दिसते, त्यांनीही. बाकीच्यांनी कागदांवर सही करण्याआधी शाखेत तीन गोष्टी विचाराव्यात: मर्यादा दर महिन्याला किती उतरणार, हप्ता ठेवीतून आपोआप वळता होतो की बाहेरून भरावा लागतो, आणि पती-पत्नी दोघांनाही एकट्याने व्यवहार करता येतो का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर दुसरी बँक बघा.