लेपाचं मीठ: पैसे कशासाठी मोजायचे, कशासाठी नाही

हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी खाणीचं साधं मीठ वापरतात. त्याच्याच शेजारी आता हिरवट किंवा निळसर रंगाचं ‘ट्रीटेड सॉल्ट’, म्हणजे लेपाचं मीठ, विकायला असतं. साध्या मिठाच्या खड्यांवर मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण चढवलेलं असतं. त्यात गंज कमी करणारा घटक, बरेचदा मळी किंवा बिटाच्या रसासारखं काही चिकट, आणि थोडा रंग मिसळतात. भाव चढा असतो आणि जाहिरातीत उणे तापमानाचा एक मोठा आकडा असतो. केवळ त्या आकड्यासाठी हा माल घेऊ नये. माल चांगला आहे, पण त्याची कारणं वेगळी आहेत.

आधी हिशेब पाहू. एक टन मिठावर साधारण ३३ लिटर द्रावण चढवण्याची पद्धत आहे. ३० टक्क्यांचं मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण लिटरमागे सुमारे १.२८ किलो भरतं, म्हणजे ३३ लिटरचे झाले ४२ किलो. त्यातलं प्रत्यक्ष मॅग्नेशियम क्लोराइड साडेबारा किलोच्या आसपास. हजार किलोच्या मानाने हे सव्वा टक्काच झालं. उरलेलं जवळजवळ सगळं तेच सोडियम क्लोराइड, म्हणजे साधं मीठ, आणि त्याचे गुणधर्म लेपामुळे बदलत नाहीत. मिठाचं पाणी सगळ्यात उशिरा गोठतं ते २३.३ टक्के तीव्रतेला, उणे २१ अंशांवर, पण ही प्रयोगशाळेतली सीमा झाली. रस्त्यावर साधं मीठ उणे ९ अंशांच्या खाली इतकं मंदावतं की वाहतुकीला त्याचा उपयोग राहत नाही. लेपामुळे ही मर्यादा काही अंश खाली सरकते. रस्त्याचा पृष्ठभाग उणे १५ च्या खाली गेला की या मिठावर भरवसा ठेवू नये, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. आणि तापमान मोजायचं ते रस्त्याचं, हवेचं नव्हे. दोन्हींत चार-पाच अंशांचा फरक सहज असतो, म्हणून इन्फ्रारेड थर्मामीटर गाडीत हवाच.

मग फायदा कुठे आहे? पहिला फायदा सुरुवातीचा. कोरडा खडा बर्फावर पडला की आधी पाणी शोधतो. त्यात विरघळून खारं पाणी झालं की मगच वितळणं सुरू होतं. शिवाय मीठ विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेतं, त्यामुळे कडक थंडीत हा पहिला टप्पाच रखडतो. लेपाच्या खड्याभोवती ओलावा आधीच असतो, म्हणून तो पडल्या जागी कामाला लागतो. काही विक्रेते कॅल्शियम क्लोराइडमुळे उष्णता निर्माण होते असं सांगतात. ते सुक्या कॅल्शियम क्लोराइडबद्दल खरं आहे. लेपातलं कॅल्शियम क्लोराइड आधीच पाण्यात विरघळलेलं असतं, त्याची उष्णता कारखान्यातच निघून गेलेली असते.

दुसरा फायदा चिकटण्याचा, आणि खरे पैसे याचेच. कोरडे खडे रस्त्यावर आपटून उसळतात, उरलेले गाड्यांच्या वाऱ्याने कडेला जातात. ओलसर खडा पडतो तिथेच राहतो. वाया जाणारं मीठ वाचलं, की तेवढा डोस कमी करता येतो. साध्या मिठाचा डोस चौरस मीटरला २० ग्रॅम असेल तर लेपाचं मीठ १५ ग्रॅमला तेच काम करतं. डोस २५ टक्क्यांनी घटला, तर भाव ३३ टक्क्यांनी जास्त असला तरी खर्च बरोबरीत येतो. बहुतेकांची चूक नेमकी इथेच होते. महाग मीठ आणतात, स्प्रेडर (गाडीवरचं मीठ पसरवणारं यंत्र) जुन्याच डोसवर ठेवतात आणि मग फरक पडला नाही म्हणतात. डोस घटवायचा नसेल तर हा माल घेण्यात अर्थ नाही.

म्हणून स्प्रेडरचं मोजमाप नव्याने करणं भागच आहे. ओलसर मीठ हॉपरमधून, म्हणजे मिठाच्या पेटीतून, कोरड्यासारखं वाहत नाही, त्यामुळे मीठ सोडणाऱ्या गेटची (झडपेची) जुनी खूण चालत नाही. हॉपर भरा, स्पिनर (मीठ फेकणारी फिरती तबकडी) बंद ठेवा, खाली ताडपत्री अंथरा. ऑगर (मीठ पुढे ढकलणारा फिरता स्क्रू) एक मिनिट चालवून पडलेलं मीठ तोला. तीनदा करून सरासरी घ्या आणि गेटच्या प्रत्येक खुणेसाठी ती वेगळी लिहून ठेवा. आता गणित: ताशी ३० किलोमीटर म्हणजे मिनिटाला ५०० मीटर. रस्त्याचा पट्टा साडेतीन मीटर रुंद असेल तर मिनिटाला १७५० चौरस मीटर होतात. १५ ग्रॅमच्या डोसला मिनिटाला सव्वासव्वीस किलो मीठ पडायला हवं. ताडपत्रीवर ३५ किलो निघालं तर प्रत्यक्षात २० ग्रॅमचा डोस पडतोय. वेगही सांभाळा, गाडी जोरात हाकली तर लेपाचं मीठही उडतं.

डोस ठरवताना आणखी एक गोष्ट ध्यानात हवी. एक किलो मीठ उणे १ अंशाला सुमारे ४६ किलो बर्फ वितळवतं, उणे ७ च्या आसपास साडेआठ किलो, आणि उणे १२ ला जेमतेम पाच किलो. जाड बर्फ मिठाने वितळवणं हा म्हणूनच आतबट्ट्याचा व्यवहार आहे. आधी गाडीच्या बर्फ काढणाऱ्या नांगराने (स्नो प्लाऊ) बर्फ ओढून काढायचा, मग खालचा पातळ थर सुटावा एवढंच मीठ टाकायचं. पृष्ठभाग फार गार आणि कोरडा असेल, वरून भुरभुरीत बर्फ वाऱ्याने वाहून जात असेल, तर मीठ टाकूच नये. एरवी उडून गेला असता तो बर्फ ओल्या रस्त्याला धरून बसतो.

ज्यांच्या गाडीवर खाऱ्या पाण्याची टाकी आहे, त्यांना या मालाची गरज बरीच कमी आहे. पडता पडताच मीठ भिजवण्याची पद्धत, वजनाने ७० भाग मीठ आणि ३० भाग खारं पाणी, चिकटण्याचं काम तितकंच चांगलं करते आणि पाण्याचं प्रमाण रोजच्या हवामानाप्रमाणे बदलता येतं. टाकी, पंप, नळ्या यांची देखभाल परवडत नसेल, दोन-चार गाड्या आणि वाहनतळ एवढंच काम असेल, तर मात्र लेपाचं मीठ बिनदिक्कत घ्यावं.

माल उतरवून घेताना रंगावर जाऊ नका. रंग हा फक्त रंग असतो, लेपाचं प्रमाण त्यातून कळत नाही. ढिगाच्या मधून मूठभर मीठ काढून दाबा. किंचित धरून सुटायला हवं. बोटांतून पाणी ओघळलं तर लेप जास्त झालाय किंवा मीठ मुळातच ओलं होतं. पांढरे कोरडे खडे दिसले तर मिश्रण नीट झालेलं नाही. विक्रेत्याकडून टनाला किती लिटर, कोणतं द्रावण, त्याची तीव्रता आणि मालातला ओलावा हे चार आकडे लेखी घ्या. ढिगावर वरून द्रावण ओतून स्वतः लेप देण्याचा प्रयत्न फसतो, कारण द्रावण वाट सापडेल तिथून खाली जातं. मीठ यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावरून (कन्व्हेयर) जात असताना फवारलं तरच सगळ्या खड्यांना लागतं.

साठवणीत हा माल साध्या मिठापेक्षा सुखाचा. गठ्ठे होत नाहीत, ढीग दगडासारखा गोठत नाही, पहाटे लोडरने फोडत बसावं लागत नाही. पण महिनाभर पडून राहिला की द्रावण हळूहळू तळाशी उतरतं: वरचं मीठ कोरडं, खालचं चिखलासारखं. वापरण्याआधी लोडरने तळाचं वर करून घ्या. छप्पर आणि न झिरपणारी पक्की जमीन हवीच. ढिगाखालून वाहणारं पाणी जमिनीत मुरता कामा नये.

गंजाबद्दलचे दावे तपासून घ्यावेत. साधं मीठ हवेतला ओलावा ७५ टक्के आर्द्रतेच्या आसपास ओढू लागतं, मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांनाच. त्यामुळे गाडीच्या सांध्यांत बसलेला लेप वाळतच नाही, आणि ओलं राहिलेलं लोखंड गंजत राहतं. गंजरोधक घटक आहे म्हटलं तर चाचणीचा अहवाल मागा. ‘पॅसिफिक नॉर्थवेस्ट स्नोफायटर्स’ या अमेरिका-कॅनडातल्या रस्ते विभागांच्या गटाने घालून दिलेल्या निकषात साध्या मिठापेक्षा गंज किमान ७० टक्के कमी असावा लागतो. काँक्रीटलाही जपा: मॅग्नेशियम सिमेंटच्या बांधणीतल्या कॅल्शियमची जागा घेऊन ती कमकुवत करतं. वर्ष न झालेल्या काँक्रीटवर हा माल नको.

‘पर्यावरणस्नेही’ हा शिक्का तर मुळीच मान्य करू नये. क्लोराइड कुजत नाही, विघटन पावत नाही, पाण्यात राहतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८८ मध्ये गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी दीर्घकाळाची मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम ठेवली. सहा ग्रॅम, म्हणजे चमचाभर मिठातलं क्लोराइड जवळपास सोळा लिटर पाणी त्या मर्यादेला नेतं. मळी किंवा बिटाचा रस ओढ्यात गेला तर तो कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. लेपाच्या मिठाने पाण्याचं भलं होतं ते एकाच वाटेने: कमी टाकलं तर.

प्रत्येक फेरीनंतर हॉपर पूर्ण रिकामा करा. ऑगर, साखळी आणि स्पिनर पाण्याने धुऊन घ्या, विजेच्या जोडण्यांवर मात्र जोराचा फवारा मारू नका. लेपाचं मीठ गोठत नाही म्हणून ते हॉपरमध्ये रात्रभर ठेवायचा मोह होतो, पण ओलसर ढीग खाली दबतो आणि सकाळी ऑगर अडकतो.