घरोघरी पाण्याचे मीटर : घोडबंदर रोडवरील एका सोसायटीचा वर्षभराचा अनुभव

घोडबंदर रोडवरील आमच्या ८४ घरांच्या सोसायटीत गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर प्रत्येक घराला स्वतंत्र पाण्याचे मीटर बसवण्यात आले. महापालिकेचे पाणी कमी पडले की टँकर मागवायचा आणि महिनाअखेरीस सगळा खर्च सर्व घरांत सारखा वाटायचा, अशी पद्धत त्यापूर्वी होती. या हिशेबात एखाद्या घराने ८४० रुपयांचे जादा पाणी वापरले, तर त्याच्या खिशातून अवघे १० रुपये जात आणि उरलेले ८३० शेजारी भरत. फलकावर ‘पाणी जपून वापरा’ असे कितीही वेळा लिहिले तरी फरक का पडत नव्हता, याचे कारण एवढेच होते. जादा गुरे चारण्याचा फायदा एकाचा आणि तोटा सगळ्यांत वाटलेला, म्हणून सामायिक कुरण उजाड होते, असे पर्यावरणतज्ज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडले; ते याहून फार वेगळे नाही.

यांत्रिक मीटर स्वस्त पडत होते, तरीही आम्ही अल्ट्रासॉनिक, म्हणजे फिरत्या चक्राऐवजी ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणारे, मीटर घेतले. टाकी रिकामी होऊन पाइपात हवा शिरली की यांत्रिक मीटरचे चक्र हवेवरही फिरते, आणि टँकरची वाट पाहणाऱ्या इमारतीत हा प्रसंग वारंवार येतो. खरी अडचण इमारतीच्या रचनेची निघाली. स्वयंपाकघर आणि दोन्ही बाथरूमना वेगवेगळ्या डक्टमधून पाणी येत असल्याने घरामागे तीन-तीन मीटर बसवावे लागले, त्यामुळे खर्च अंदाजापेक्षा बराच वाढला. ज्या इमारतीत घराला एकच इनलेट आहे, तिने फार विचार न करता हे काम करून घ्यावे; बाकीच्यांनी आधी प्लंबरला सोबत घेऊन डक्ट पाहावेत.

मीटरपेक्षा दर ठरवण्यातच आमचा अधिक वेळ गेला. मलनिस्सारण वाहिन्या असलेल्या शहरांसाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी निकष आहे. त्यानुसार पाच माणसांच्या घराला महिन्याला सुमारे २०,००० लिटर पाणी लागते. तेवढ्या वापराला महापालिकेचा दर आणि त्यापुढील प्रत्येक लिटरला टँकरचा दर लावला, कारण कोणी जादा पाणी वापरले की ते शेवटी टँकरनेच येते. सुरुवातीला ही मर्यादा घरामागे ठेवली होती, त्यात सासू-सासरे आणि नातवंडे असलेली कुटुंबे भरडली गेली व एकट्या राहणाऱ्यांची चैन झाली. तीन महिन्यांनी सर्वसाधारण सभेत मर्यादा माणशी केली. सामायिक साधने वापरणारे लोक स्वतःच नियम करून ती टिकवू शकतात, असे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले; आमची ती सभा पाहिली असती तर त्यांनी निष्कर्ष थोडा सावधपणे लिहिला असता, असे मला गमतीने वाटते.

यंदाच्या उन्हाळ्यात टँकर स्पष्टपणे कमी लागले. मात्र त्याचे सगळे श्रेय दराला देणे योग्य होणार नाही. रात्री दोन वाजताही काही घरांचे रीडिंग पुढे सरकत असल्याचे दिसल्यावर गळणारे फ्लश टँक सापडले, आणि वापर सर्वांत आधी घटला तो त्यांच्या दुरुस्तीने.

मीटरवर दिसणारी किंमतही पूर्ण नाही. टँकरवाला डिझेल, चालक आणि गाडीचे पैसे लावतो. पाणी विहिरीचे किंवा बोअरवेलचे असेल, तर त्या गावाची भूजलपातळी खाली गेल्याचा भार त्या दरात कुठेच येत नाही. आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा मालकाचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आला आहे. दुसऱ्यावर पडणारा असा भार कर लावून किमतीत आणावा, असे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्ये सुचवले होते. तसा कर लागला तर आमचा दुसरा टप्पा, म्हणजे मर्यादेपुढचा टँकरच्या दराचा वापर, आणखी महाग होईल, आणि तो व्हायला हवा.

मीटर कंपनीच्या सेवेबाबत मात्र तक्रार आहे. पावसाळ्यात गच्चीवरील गेटवे (सर्व मीटरचे रीडिंग गोळा करून पाठवणारे यंत्र) बंद पडल्याने नऊ दिवस रीडिंग मिळाले नाही, चौथ्या फोननंतर माणूस आला, आणि त्या महिन्याचे बिल सरासरीने काढावे लागल्याने जुनी भांडणे पुन्हा उकरली गेली. देखभालीच्या कराराचे नूतनीकरण आता आले आहे. सलग तीन दिवस रीडिंग न आल्यास त्या महिन्याचे शुल्क माफ, ही अट कंपनीने लेखी मान्य केल्याशिवाय सही करायची नाही, असे कमिटीने ठरवले आहे.