शून्य कर, तरीही परमनंट: कॉन्ट्रॅक्टवर वर्ष काढल्यानंतर

आधी निकाल सांगते. कॉन्ट्रॅक्टला पाचपैकी साडेतीन तारे. आणि तरीही १ एप्रिल २०२६ पासून मी परमनंट होतेय, हिंजवडीत, त्याच क्लायंटकडे, त्याच टीममध्ये, बहुधा त्याच खुर्चीवर.

मी सॉफ्टवेअरचं टेस्ट ऑटोमेशन करते. एप्रिल २०२५ पासून कन्सल्टंट म्हणून काम करतेय. दर दिवसाला दहा हजार, म्हणजे महिन्याचे साधारण दोन लाख. काम नाही त्या दिवसाचे पैसे नाहीत.

सगळ्यांना ज्याची भुरळ पडते ते आधी, म्हणजे कर. १९६१ च्या आयकर कायद्याच्या ४४एडीए कलमाखाली ठरावीक व्यवसायांतल्या लोकांना मिळालेल्या फीच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते. बिलं जपायला नकोत, वह्या लिहायला नकोत. आयटीचं काम त्या यादीत येतं. मर्यादा ५० लाखांची, आणि रोखीत आलेली रक्कम पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. आता गणित करा. २४ लाख फी, त्यातले १२ लाख उत्पन्न, आणि २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे करमाफी. कर शून्य. तेच २४ लाख पगार म्हणून आले असते तर ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरूनही सेससकट २ लाख ९२ हजार ५०० रुपये गेले असते. हा आकडा ऐकून आमच्या कट्ट्यावरच्या दोघांनी त्याच रात्री रिझ्युमे अपडेट केला.

पुढचं मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

कर शून्य असला तरी क्लायंट दहा टक्के टीडीएस कापतोच. दर महिन्याला वीस हजार सरकारजमा, आणि ते परत मिळतात रिटर्न भरल्यावर. वर्षभर ही रक्कम २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या आपल्या विवरणात, नुसती बघायची. हे एक वेळ चालतं.

जीएसटी मात्र अंगावर येतो. सेवांची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते. दोन लाखांच्या इनव्हॉइसवर ३६ हजार जीएसटी. क्लायंटला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे त्याने भरायच्या जीएसटीतून तेवढी रक्कम वजा होते, त्यामुळे त्याला काही वाटत नाही. पण मे महिन्याचं इनव्हॉइस काढलं की त्यावरचा जीएसटी २० जूनपर्यंत भरायचा, क्लायंटने पैसे दिले असोत वा नसोत. माझ्या क्लायंटचे पैसे कधीच वेळेवर आले नाहीत. टाइमशीट मॅनेजरने अप्रूव्ह केली, पण पीओची, म्हणजे कामाच्या खरेदी-ऑर्डरची, मुदत संपलेली. पीओ वाढला, तर इनव्हॉइसवर जुना पीओ नंबर. नंबर बदलून पाठवलं, तर अकाउंट्समधून उत्तर, ‘मॅडम, पेमेंट रन काल झाला, आता पुढच्या पंधरवड्यात.’ तोवर सरकारचे ३६ हजार मी माझ्या बचतीतून भरून मोकळी झालेली असायची.

यावर एक औषध लागू पडलं, ते कॉन्ट्रॅक्टवर असलेल्या प्रत्येकाने घ्यावं. सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करा, पैसे लागत नाहीत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना करारात लिहिलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत, पैसे दिले नाहीत तर ती थकबाकी कंपनीला करासाठी त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही. प्रत्यक्ष देईल त्या वर्षी धरता येते. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ४३बी(एच). मी उद्यमचं प्रमाणपत्र इनव्हॉइसला जोडून पाठवायला लागले, आणि ज्या अकाउंट्सवाल्यांना माझं आडनाव नीट लिहिता येत नव्हतं त्यांचा स्वतःहून फोन आला.

आता परमनंटची ऑफर. सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, २२ लाख. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि वेतनाची व्याख्या बदलली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनात धरला जातो. म्हणून ऑफरमध्ये बेसिक सरळ ११ लाख. त्यावर १२ टक्के पीएफ कंपनीचा, १२ टक्के माझा, दोन्ही मिळून २ लाख ६४ हजार. ग्रॅच्युइटीचे ५३ हजारही सीटीसीतच मोजलेले, आणि ते पाच वर्षं टिकले तरच मिळणार. कर, पीएफ आणि व्यवसाय कराचे अडीच हजार वजा जाता हातात वर्षाचे १६ लाख ८५ हजार, म्हणजे महिन्याला एक लाख चाळीस हजार. पंधरा हजारांच्या वरच्या वेतनावर पीएफ कायद्याने सक्तीचा नाही, पण या कंपनीत तसा पर्याय नाही. विचारून पाहिलं.

दोन लाख विरुद्ध एक लाख चाळीस. इथे बहुतेक जण हिशेब थांबवतात. नवऱ्याने एक्सेल उघडून तो पुढे नेला. वर्षअखेरीस क्लायंटचं ऑफिस बंद, तेव्हा कॉन्ट्रॅक्टर सगळे बिनपगारी. गणपती, दिवाळी, मुलीचा ताप, हे सगळे दिवस वजा केले तर २४ नव्हे, २२ लाखच होतात. विमा आणि सीए मिळून लाखभर गेले, उरले २१. तिकडे हातातला पगार आणि पीएफ मिळून साडेएकोणीस. फरक दीड लाखाचा. माझ्या करारात नोटीस पंधरा दिवसांची आहे. कॉन्ट्रॅक्ट संपून एक महिना जरी रिकामा गेला तर दोन लाख गेले, म्हणजे तो फरकही गेला आणि वर खिशातले पन्नास हजार.

हे एक्सेल न दाखवता मला कोणी कॉन्ट्रॅक्टचं कौतुक सांगायला आलं की मी विषय बदलते.

पैशांत न बसणाऱ्या दोन गोष्टी. सासूबाईंना मधुमेह आहे. वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लागू शकतं. कंपनीच्या ग्रुप विम्यात त्या पहिल्या दिवसापासून कव्हर होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला हे चांगलंच, पण हप्ता कमी झाल्याने थांबायचा काळ कमी होत नाही. दुसरी गोष्ट गृहकर्जाची. पुनावळ्यात फ्लॅट बघत होतो. बँकेने रिटर्न मागितलं. कर वाचवायला मी उत्पन्न बारा लाखांच्या आत दाखवणार, आणि बँक कर्जही तेवढ्यावरच मोजणार. वर दोन वर्षांची रिटर्न हवीत. नोकरदाराला तीन सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ वर काम भागतं.

आणखी एक शंका वर्षभर डोक्यात होती. साडेनऊचा स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग), क्लायंटचाच लॅपटॉप, रजेसाठी मॅनेजरला मेल. मग मी व्यावसायिक कशी? ब्रिटनमध्ये यासाठी आयआर३५ नावाचे नियमच आहेत. एप्रिल २०२१ पासून तिथल्या मध्यम आणि मोठ्या खासगी कंपन्यांनाच ठरवावं लागतं, की हा कॉन्ट्रॅक्टर कराच्या दृष्टीने कर्मचारी आहे का. दीर तेव्हा तिकडे होता, त्याच्या टीममधले निम्मे कॉन्ट्रॅक्टर त्या काळात परमनंट झाले. आपल्याकडे असा वेगळा नियम नाही, प्रत्येक प्रकरण करारावर आणि वस्तुस्थितीवर ठरतं. पुण्यातलंच उदाहरण आहे. रूबी हॉलच्या कन्सल्टंट डॉक्टरांना मिळणारी रक्कम पगार धरून टीडीएस कापायला हवा होता, असं आयकर खात्याचं म्हणणं होतं. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हॉस्पिटलच्या बाजूने निकाल दिला. सीए म्हणाले, ‘त्या डॉक्टरांचे करार वाचा आणि मग तुमचा वाचा.’ मी माझा वाचला. दुसऱ्या क्लायंटचं काम घ्यायला त्यात मनाई होती, म्हणजे नोकरीसारखंच.

ज्यांची मुलं मोठी आहेत, घराचं कर्ज फिटलंय, जोडीदाराच्या कंपनीचा विमा आहे आणि हाताशी दोन-तीन क्लायंट आहेत, त्यांनी कॉन्ट्रॅक्ट खुशाल चालू ठेवावं. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा लागू, पण निम्म्या नफ्याची ही सवलत त्यातही आहे, कलम ५८ मध्ये.

परमनंट होणार असाल तर जॉइनिंगची तारीख स्वतः ठरवा. एचआरला १ जानेवारी हवी होती. डिसेंबरपर्यंतची माझी फी १७ लाख, म्हणजे साडेआठ लाख उत्पन्न. त्यात तीन महिन्यांचा पगार मिळवला की वजावट धरूनही आकडा १२ लाखांच्या पार, रिबेट हातचा गेला आणि सुमारे ७५ हजार कर बसला. एप्रिलपर्यंत थांबले तर वर्षभराची फी २२ लाख, उत्पन्न ११ आणि कर शून्य. एचआरने दोनदा फोन केला, एकदा ‘हेडकाउंट लॅप्स होईल’, म्हणजे मंजूर जागाच जाईल, असंही सुनावलं. मी १ एप्रिलवर अडून राहिले आणि ऑफर लेटर तीच तारीख घालून आलं.