मानदुखीसाठी पोटावरची थेरपी: काही महिन्यांच्या वापरानंतर

मान दुखतेय आणि फिजिओ पोटावर हात ठेवून बसलाय, असं कोल्हापुरात कुणाला सांगितलं की लगेच विचारतात, "म्हणजे बेंबी बसवतात तसं काय?" तसं नाही. यात तेल लावत नाहीत, पोट चोळत नाहीत आणि तालमीतल्या मालिशीचा जोर तर अजिबात नसतो. व्हिसरल मॅनिप्युलेशन म्हणतात याला, म्हणजे यकृत, जठर असे पोटातले अवयव हातानं हलकेच हलवणं. फ्रान्सचे ऑस्टिओपॅथ (हातांनी उपचार करणारे) जाँ-पिएर बराल यांनी ही पद्धत रूढ केली.

जेवणानंतर दोन-अडीच तास गेलेले असावेत आणि लघवीला जाऊन यावं. उताणं झोपायचं, गुडघ्यांखाली जाड उशी. ती नसेल तर पोटाचे स्नायू ताणलेले राहतात आणि थेरपिस्टचा हात वरवरच फिरतो. यकृतासाठी उजव्या बरगड्यांच्या कडेखाली बोटं ठेवतात. श्वास सोडताना ती आत जाऊ द्यायची, घेताना तिथंच धरायची. चार-पाच श्वासांनी हलकेच खांद्याच्या दिशेने उचल. जठरासाठी हेच डावीकडे. दाब किती, तर आंबा पिकलाय का बघताना बोटानं लावतो तेवढा. त्यापेक्षा वाढला की पोट आपोआप कडक होतं, मळमळतं आणि दुसऱ्या दिवशी बरगडीखाली ठणका राहतो. "दुखलं तरच गुण येतो" म्हणणारा थेरपिस्ट भेटला तर तिथूनच उठावं.

गुण येतो का? येतो, पण टिकत नाही. खुर्चीत पाठ टेकून मान वळवा आणि हनुवटी खांद्यापर्यंत कितपत पोचते ते आरशात बघून ठेवा. उपचारानंतर लगेच बघितलं तर फरक कळतो, एक-दोन दिवसांत मान पुन्हा आखडते. आणि एक प्रयोग जरूर करा: कुणी हात न लावता त्याच अवस्थेत वीस मिनिटं सावकाश श्वास घेत पडून राहा, मग पुन्हा मान वळवून बघा. बराचसा फरक तेवढ्यानंही पडतो.

कारण म्हणून फ्रेनिक नसेचं नाव सांगतात. मध्यपटलाची, म्हणजे छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याची, ही नस मानेच्या मणक्यांतल्या सी-३ ते सी-५ या पातळ्यांतून निघते, म्हणून पित्ताशयाचं दुखणं उजव्या खांद्यात जाणवू शकतं. इथपर्यंत पक्कं शरीरशास्त्र आहे. पण यकृत हलवलं म्हणून मान सुटली, हे त्यातून सिद्ध होत नाही. जास्त पटतं ते असं: खालच्या बरगड्या हलू लागल्या की छातीच्या वरच्या भागातून श्वास ओढणं कमी होतं आणि मानेच्या बाजूच्या स्केलीन स्नायूंवरचा ताण उतरतो. मानदुखीसोबत अपचन असलेल्यांवर ब्राझीलमध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात फायदा दिसला होता, २०१८ मध्ये. त्याच वर्षीच्या एका मोठ्या आढाव्यात मात्र या पद्धतीच्या निदानालाही आणि परिणामालाही भक्कम आधार सापडला नाही.

म्हणून ही जोड म्हणून घ्या, तीही मानेबरोबर पोटफुगी-ॲसिडिटी असेल तर. मुख्य काम व्यायामाचंच. उताणं झोपून हनुवटी किंचित आत ओढायची, डोकं न उचलता, दहा सेकंद धरून दहा वेळा. शिवाय रबर बँडनं खांदे मागे ओढणं. हुपरीत चांदीकामाला बसणारे किंवा उद्यमनगरात लेथवर वाकून उभे राहणारे असाल तर कामाची उंची वाढवल्याशिवाय कुठलीच थेरपी पुरणार नाही. दहा सेशनचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. तीन-चार वेळांत गुण दोन दिवसांपुढे टिकत नसेल तर अकराव्या वेळीही टिकणार नाही.

गरोदरपण, नुकतंच पोटाचं ऑपरेशन, हर्निया, अल्सर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, वाढलेली प्लीहा किंवा महाधमनीचा फुगवटा असेल तर पोटाला हात लावू देऊ नका. हातातली ताकद कमी होणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं ही लक्षणं थेट डॉक्टरकडची. चढ चढताना मान-जबडा दुखून घाम फुटला तर तातडीनं दवाखाना गाठून ईसीजी. आणि रविवारी मटणाचं ताट झालं की रात्री उजवा खांदा भरून येत असेल, तर फिजिओच्या आधी पोटाची सोनोग्राफी करून घ्या.