खरबुजावर भुरभुरायचं चूर्ण: दोन महिन्यांचा अनुभव

खरबूज माझं लाडकं फळ, पण जेवणानंतर खाल्लं की तासाभरात पोट डब्ब व्हायचं. वैद्यांनी समजावलं, "फळ शीत आणि पचायला जड आहे. भरल्या पोटी खाल्लंत तर अग्नी मंदावणारच." त्यांच्याच सांगण्यावरून हे तयार चूर्ण आणलं. सुंठ, मिरी, भाजलेलं जिरं आणि सैंधव, एवढंच.

झाकण उघडताच जिऱ्याचा खमंग वास येतो, सुंठ मागाहून घशाशी जाणवते. मीठ मात्र जरा जास्तच आहे. दोन चिमटी पुरे, तिसरीने फळाची गोडी झाकली जाते. शिवाय भुरभुरल्यावर लगेच खायला हवं, नाहीतर मिठामुळे फोडींना पाणी सुटतं. खरबुजात मुळातच जवळपास ९० टक्के पाणी!

पोट हलकं राहतं, हे नक्की. पण सगळं श्रेय चूर्णाला देणार नाही. आता मी खरबूज सकाळी दहाच्या सुमारास, नुसतंच खाते आणि फ्रिजमधलं गार खात नाही. खरबुजाचा मिल्कशेकही सोडला, कारण आयुर्वेदानुसार दुधासोबत खरबूज हा विरुद्ध आहार, म्हणजे एकत्र खाऊ नये असा. त्याचं वाईट वाटलं. एकदा रात्री चूर्ण घालून खाऊन पाहिलं, तेव्हा व्हायचा तो त्रास झालाच.

माझ्या बहिणीला पित्ताचा त्रास आहे, तिला यातल्या मिरीने जळजळ झाली. ती आता फक्त जिरं-सैंधव घेते.

मी दुसरी डबी आणली आहे, पण लहान. महिनाभरात वास उतरतो.